टॉवेल वाळता वाळेना

माझं माहेर जुन्नरचं, शिवनेरीच्या पायथ्याचं. तिथे पाऊस येतो, जातो, मध्येच उघडीप देतो. गच्चीवर टाकलेला टॉवेल दुपारपर्यंत वाळतो. लग्न होऊन आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आले, तेव्हा आषाढ म्हणजे काय ते कळलं. माझं दुसरं बाळंतपण सासरीच झालं, आणि तेही ऐन आषाढात. आत्याबाई शेगडीत निखारे घालायच्या, वर बांबूची पाटी पालथी घालायच्या आणि तिच्यावर बाळाचे लंगोट पसरायच्या. मधूनमधून पाटीवर तळहात टेकवून बघायच्या. हाताला सोसेल एवढीच ऊब हवी, नाहीतर कापड पिवळं पडतं. मोठ्यांचे पंचे चुलीवरच्या वलणीवर. अंग पुसलं की धुराचा वास यायचा, पण कापड कोरडं असायचं.

मागच्या वर्षी बाथरूम नव्याने बांधायला काढलं. चूल तोवर परसातल्या पडवीत गेली होती. थोरला सहा महिने जर्मनीत राहून आलेला. तो म्हणाला, "आई, तिकडं थंडीत घरभर गरम पाणी नळ्यांतून फिरवतात. बाथरूमच्या भिंतीवर त्याच नळ्यांची शिडी असते, तिच्यावर टॉवेल टाकायचा."

"मग आपल्या बंबाचं पाणी फिरव की," मामंजी म्हणाले. सगळे हसले, पण म्हातारा काही चुकीचं बोलला नव्हता, गोष्ट तीच. फक्त आमचा बंब सकाळी दोन तास पेटतो, आणि छपरावरच्या सोलरला पावसाळ्यात सूर्यच भेटत नाही. म्हणजे विजेवरची शिडी घेणं आलं.

मंचरला दोन दुकानं फिरलो. एकाने गिझर दाखवला, दुसऱ्याने स्टीलचा साधा रॉड. शेवटी ऑनलाइन शोधाशोध. विजेवरच्या शिडीतही दोन जाती निघाल्या. एकीत नुसती तापणारी तार. ती लवकर गरम होते, बंद केली की लवकर निवते. दुसरीच्या नळ्यांत द्रव भरलेला आणि खाली कॉइल. ती तापायला वेळ घेते, पण ऊब धरून ठेवते. थोरल्याचा जीव चकचकीत क्रोमवर, माझा आडव्या दांड्यांमधल्या अंतरावर. टॉवेलची चौघडी करून टाकला तर वरचा पदर वाळतो आणि आतला कुबट राहतो, हे चाळीस वर्षं कपडे वाळत घातल्यावर कुणी सांगावं लागत नाही.

मग मी एक उद्योग केला. पीठ मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर कोरडा टॉवेल ठेवला, अंघोळीनंतर तोच ओला ठेवला. फरक दीडशे ग्रॅमच्या आसपास. घरात आम्ही सात माणसं. म्हणजे रोज लिटरभर, चांगला तांब्याभर पाणी टॉवेलांत. थोरल्याने हिशेब मांडला: एवढ्या पाण्याची वाफ करायला जवळजवळ पाऊण युनिट वीज लागते, तीही काही वाया गेलं नाही तर. शंभर वॉटची शिडी म्हणजे सात तास. पैशाचं मला फार वाटलं नाही. मी विचारलं, "आणि तो तांब्या जाणार कुठं?"

तो गप्प बसला. बाहेर धुकं, हवा आधीच ओली, बाथरूमची खिडकी वीतभर. टॉवेलातलं पाणी उडणार आणि आरशावर, भिंतीवर बसणार, मग बुरशी. चुलीवरच्या वलणीचं गुपित तेव्हा माझ्या ध्यानात आलं. निखाऱ्यांची ऊब होतीच, पण गरम हवा कौलांच्या फटींतून वर निघून जायची आणि जाताना ओल घेऊन जायची. स्लॅबच्या घराला फट कुठली? म्हणून शिडीच्या आधी एक्झॉस्ट फॅनला भोक पाडलं आणि दाराच्या खाली हवा यायला बोटभर जागा सोडली. माझ्या मते निम्मं काम तिथेच झालं.

उरलेलं निम्मं जमिनीत होतं. आमच्या वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. त्यावर आमचा तोडगा काय, तर पायात स्लिपर घालून कपडे काढायचे! वायरमनने टेस्टर मशीनच्या पत्र्याला लावला आणि आतला इवलासा दिवा मिणमिणला. प्लगच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तारच नव्हती. घर बांधताना ज्याने वायरिंग केली, त्याने भोक शोभेला ठेवलं होतं. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभं राहून जी वस्तू धरायची ती अशा घरात लावणार होतो आम्ही. परसात खड्डा खणला, पाइप पुरला, मीठ-कोळसा भरला, बोर्डावर गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. शिडीचं बटण बाथरूमच्या बाहेर. शिडीपेक्षा या सगळ्याचा खर्च जास्त झाला, आणि तो भिंतीवर दिसत नाही म्हणून थोरला अजून कुरकुरतो.

सहा दांड्यांची शिडी आली. सात माणसं, सहा दांड्या. आहेरातले सोलापुरी जाड टॉवेल दोन दांड्या अडवून बसतात आणि रात्रीपर्यंत दमट राहतात. मग मी कपाटातली टॉवेल-टोपीची थप्पी काढली. लग्नात, सत्कारात, गावच्या पुढाऱ्याच्या हस्ते मिळालेले ते पातळ टॉवेल, ज्यांना आम्ही कधी हात लावला नव्हता. ते तासाभरात खडखडीत. मामंजींचे एवढे सत्कार उगाच झाले नाहीत.

यंदा धाकट्याच्या घरी पाळणा हलला, योगायोगाने पुन्हा पावसाळ्यात. शिडीवर आता खालच्या चार दांड्या लंगोट-दुपट्यांच्या आणि वरच्या दोन आम्हा सगळ्यांच्या. आत्याबाई नव्वदीच्या घरात आहेत. काठी टेकत बाथरूमच्या दाराशी येतात आणि दांडीवर तळहात ठेवून बघतात.

जुलैत वादळी वाऱ्यात कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि लाईट गेली ती तीन दिवस आली नाही. पहिल्या रात्री शिडी गार झाली, तशी आत्याबाईंनी पडवीतून हाक मारली. शेगडी त्यांनी आधीच पेटवली होती.

"अगं, पाटी कुठं ठेवलीस?"

पाटीत मी कांदे भरले होते.