हात पुढे, रेघ मागे

ब्रश फिरवला आणि रेघ क्षणभर उशिरा उमटली, की काम करणाऱ्याचा हात बिचकतो. फोटोशॉपमध्ये नवरीच्या गालावरचा घामाचा थेंब पुसायचा असतो. हीलिंग ब्रशचं वर्तुळ त्या थेंबावर आणायचं आणि बोट दाबायचं, काम एवढंच. पण ते वर्तुळ हाताच्या मागून रेंगाळत येऊ लागलं की अंदाज चुकतो, बोट नको तिथे दाबलं जातं आणि थेंबाबरोबर मुंडावळ्यांचा एक मोतीही पुसला जातो. वेळ जातो तो जातोच. त्याहून वाईट म्हणजे हाताचा भरवसा जातो. तो गेला की माणूस नाजूक काम टाळू लागतो आणि सगळ्या चेहऱ्यांना एकच गुळगुळीतपणा फासून मोकळा होतो. अल्बममधल्या मावश्या, आत्या, आज्या एकाच वयाच्या दिसू लागतात. म्हणून मंद चालणाऱ्या मशीनची गोष्ट मला नुसती यंत्राची वाटत नाही.

मशीन जुनं असेल तर माणूस समजून घेतो. पण माझ्या भाच्याचं मशीन कोरं करकरीत होतं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्याचा फोटो स्टुडिओ आहे. ऐन लग्नसराईच्या तोंडावर त्याने ते असेंबल करून घेतलं : ३२ जीबी रॅम, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, विंडोजसाठी एनव्हीएमई एसएसडी. आणि तरी, ‘‘मामा, शीट उघडली की हँग होतंय.’’

अशा वेळी गावभर दोनच सल्ले मिळतात : फॉरमॅट मार, नाहीतर रॅम डबल कर. मला या दोन्ही सल्ल्यांचा मनापासून राग येतो. फॉरमॅट मारलं की पुरावाच पुसला जातो, आणि रॅम वाढवली की दोष मोठ्या घरात लपून बसतो. मशीनमध्ये ताकद किती, हे पावतीवर लिहिलेलंच असतं. विचारायचं ते हे, की एवढ्या ताकदीचं मशीन आत्ता कोणासाठी खोळंबलंय?

टास्क मॅनेजर उघडून आम्ही एक शीट नुसती झूम केली. प्रोसेसर दहा टक्क्यांच्या आत. ग्राफिक्स कार्डला कामच नाही. आणि डी ड्राइव्हचा आलेख शंभरला टेकलेला, खाली यायचं नाव नाही.

शीट म्हणजे काय प्रकरण असतं, हे बाहेरच्याला कळणार नाही. करिझ्मा अल्बमची एक शीट १२ बाय ३६ इंचांची. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ३,६०० गुणिले १०,८००, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. फोटोशॉपच्या खिडकीखाली डाव्या कोपऱ्यात हा हिशेब दिसतो : १११ एमबी. पण ही झाली सपाट चित्राची किंमत. तिरक्या रेघेच्या उजवीकडचा आकडा लेअरसकटचा असतो. वेलबुट्टीची बॉर्डर, धुरकट पार्श्वभूमी, सप्तपदीचे नऊ फोटो, त्यातला प्रत्येक स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून मूळ २४ मेगापिक्सेलसकट आत बसलेला. भाच्याच्या शीटचा उजवा आकडा अडीच जीबीच्या पुढे होता. अशा चार शीट उघड्या, शेजारी ब्राउझर आणि व्हॉट्सॲप. फोटोशॉप आपणहून उपलब्ध मेमरीतला साधारण ७० टक्के वाटा धरतं. तो पुरला नाही की उरलेला पसारा डिस्कवर मांडतं. त्या जागेला स्क्रॅच डिस्क म्हणतात.

इथेच गाठ होती. मागे कधीतरी सी ड्राइव्ह भरला, ‘स्क्रॅच डिस्क फुल’चा निरोप झळकला, आणि कोणीतरी घाईत सेटिंगमध्ये जाऊन डी वर खूण केली. डी म्हणजे जुन्या कॉम्प्युटरमधून काढून बसवलेली हार्ड डिस्क. तिची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून जास्त. हवा तो तुकडा काट्याखाली येईपर्यंत थांबायचं, मग दुसरीकडचा तुकडा, परत थांबायचं. एसएसडीला यातलं काही करावं लागत नाही. शिवाय लग्नांचे मूळ फोटोही त्याच डिस्कवर, म्हणजे तिच्याकडून दोघांचंही मागणं. आचारी दहा आणि वाढपी एक, अशी ती पंगत होती.

डाव्या कोपऱ्यातल्या त्या आकड्याशेजारच्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडता येते. फार थोडे लोक ती पाहतात, आणि मला तर ती फोटोशॉपमधली सगळ्यात प्रामाणिक जागा वाटते. शंभर टक्के असेल तर काम मेमरीतच चाललंय. आकडा खाली आला की समजावं, उरलेला वेळ डिस्कच्या येरझाऱ्यांत चाललाय. आमच्याकडे तो साठीत होता. सी वरची जुनी व्हिडिओंची अडगळ हलवली, स्क्रॅच तिकडे नेला, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडलं. झूम मोकळा झाला.

ब्रश मात्र अजून मागेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, असा माझा आग्रह असतो. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. म्हणून वहीत ‘झूम ठीक, ब्रश नाही’ असं लिहून आम्ही परफॉर्मन्सचं पान उघडलं. तिथे फोटोशॉपला दिसणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरचं नाव असतं. नाव होतं प्रोसेसरमधल्याच साध्या ग्राफिक्सचं. कॅबिनेट फिरवून मागे टॉर्च मारला. मॉनिटरची एचडीएमआय वायर वरच्या, मदरबोर्डच्या खाचेत खोचलेली. चार बोटं खाली ग्राफिक्स कार्डाच्या खाचा, त्यांवरची प्लास्टिकची टोपणंसुद्धा निघालेली नव्हती. वायर खाली आली आणि ब्रश हाताबरोबर चालू लागला. भाच्याने उगाचच कोऱ्या लेअरवर चार-पाच भोवरे काढून पाहिले.

दुपारी पुन्हा थोडं जड झालं. मे महिना, वर पत्रे, आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच उतरवतो. कप्प्याबाहेर काढून ब्लोअर मारला. जमवून ठेवलेले शेकडो फॉन्टही कमी केले, तो किरकोळ भाग.

राहिला हिस्टरीचा, म्हणजे केलेली पावलं मागे घेण्याच्या सोयीचा प्रश्न. थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. लेअर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. पण १९९८ ची पाचवी आवृत्ती येईपर्यंत मागे घ्यायला एकच पाऊल होतं. आज पन्नास पावलं मागे जाता येतं, आणि प्रत्येक पावलापाशी बदललेला भाग राखून ठेवावा लागतो. ब्रशच्या ठिपक्याला थोडी जागा लागते, अख्ख्या शीटवर फिल्टर मारला की फार. मी म्हटलं, वीसवर आणू, मेमरी सुटेल.

‘‘नको मामा, ते पन्नास राहू द्या,’’ भाचा म्हणाला. ‘‘नवरीची आई शेजारी बसून असते. तासाभराने म्हणते, मघाचाच बरा होता. तिला काय सांगू?’’

मला ते पटलं. त्या बाईला पुन्हा तो क्षण मिळणार नाही, तेव्हा मघाचा चेहरा परत दाखवता यायलाच हवा. पन्नास पावलं तशीच ठेवली. त्या बदल्यात तयार टेम्प्लेटमधले, डोळ्याची खूण बंद करून लपवलेले लेअर काढायला बसलो. मोरपिसं, सोनेरी धूळ, कोणाच्यातरी दुसऱ्याच लग्नाचा मांडव. दिसत कुठेच नव्हते, पण जागा अडवून होते. ते गेल्यावर उजवा आकडा दोन जीबीच्या खाली आला, आणि भाच्याने हळदीची शीट उघडली.