जगात जर्मनी, झरीत माळवद!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडे शेंबडं पोरही ऐकवतं. त्याचा खरा अर्थ मला परवा झरीत कळला!

रेल्वेनं परभणी, तिथून जिंतूर रस्त्यानं झरी. आत्याचं माळवदाचं घर पाडून स्लॅब टाकायचं ठरलं होतं. म्हटलं, शेवटचं बघून घेऊ.

पुण्यात मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग्ज करतो. तिथं सध्या बोलबाला ‘ग्लुलॅम’चा, म्हणजे फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या भक्कम तुळयांचा. त्याचं पेटंट १९०६ सालचं, वायमारच्या ऑटो हेत्झरचं. म्हणजे जर्मनीच! नॉर्वेतली २०१९ची ‘म्योस्तॉर्नेट’ अशाच लाकडावर ८५ मीटर उंच उभी आहे. झाडानं शोषलेला कार्बन लाकडात राहतो, सिमेंट-स्टील वाचतं. म्हणून हाय-एंड बंगल्यांमध्ये त्याची क्रेझ. आपल्याकडे मात्र हा माल बहुतेक वेळा परदेशातून जहाजानं येतो.

आत्याच्या ओसरीत आडवं पडून वर पाहिलं. सागवानी खांब, तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर बारक्या फळ्यांचं किलचण आणि वर पांढरी माती. लहान लाकडांनी मोठं छत तोललेलं. तेही गोंदाशिवाय, खाचेत खाच बसवून! म्हणजे हवं तेव्हा सुटं करा, दुसरीकडे पुन्हा उभं करा. ग्लुलॅमला हे इतकं सोपं नाही.

मी उत्साहात म्हणालो, ‘‘आत्या, घर पाडू नका ना!’’

‘‘मिरगाच्या आधी माळवदावर माती टाकायला कोण चढंल रे? तू येतूस का पुण्याहून?’’

बोलती बंद! शिवाय ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप मराठवाडा विसरलेला नाही. दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड छतंच तेव्हा माणसांवर कोसळली.

पण घर जाणार म्हणून लाकूडही का जावं? परभणीचा व्यापारी खांब बघून गेला होता. तेच खांब उद्या शहरातल्या कुणाच्या फ्लॅटमध्ये ‘अँटिक’ म्हणून मिरवले असते. रात्री आतेभाऊ आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मागं स्लॅबच्या खोल्या, पुढं जुन्या खांब-तुळयांवर हलक्या पत्र्याची ओसरी. आत्यानं कागद उलटसुलट बघितला. म्हणाली, ‘‘झोपाळ्याची कडी तेवढी ऱ्हाऊ दे.’’

सोमवारी ऑफिसात एका क्लायंटनं ग्लुलॅम हवं म्हटलं. मी आधी विचारलं, ‘‘जुन्या घराच्या लाकडाचं काय केलंत?’’