चाकाची कुरकुर

‘पुढच्या डाव्या चाकातून कुईकुई येतंय’ असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा त्यातलं ‘कुईकुई’ खरं धरावं आणि ‘पुढच्या डाव्या’ तूर्त बाजूला ठेवावं, असं माझं मत आहे. यात गिऱ्हाइकावर अविश्वास नाही. उघड्यावर आपण आवाजाची दिशा ओळखतो ती दोन कानांना तो किती पुढेमागे आणि किती कमीजास्त पोचला यावरून. गाडीत बसल्यावर हा हिशेब मोडतो. चाकाची थरथर लोअर आर्ममधून आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या माउंटिंगमधून बॉडीच्या पत्र्यात शिरते आणि पत्रा जिथे सैल सापडेल तिथून वाजते. मागच्या ड्रममधली किरकिर ड्रायव्हरला शेजारच्या सीटखाली ऐकू येऊ शकते, ती यामुळेच. पण आवाज केव्हा सुरू झाला, कशाने थांबला, गाडीबरोबर त्याची चाल वाढली का, याबाबत तोच कान सहसा फसत नाही. तेव्हा पहिला प्रश्न ‘कुठून’ नको, ‘कधी’ हवा. बऱ्याच गॅरेजांत उलटं चालतं. जागा विचारतात, तिथलं चाक उतरवतात आणि हाताशी येईल तो भाग बदलतात.

‘कधी’ या प्रश्नाचं उत्तर आकड्यांनी ताडूनही बघता येतं. 185/65 आर15 हा आपल्याकडच्या छोट्या गाड्यांवर नेहमी दिसणारा टायर घ्या. त्याचा व्यास साधारण 62 सेंटिमीटर, म्हणजे घेर 1.95 मीटरच्या आसपास. ताशी 10 किलोमीटरला हे चाक दोन सेकंदांत जेमतेम तीन फेऱ्या घेतं, 20 ला सहाच्या जवळपास. रिकाम्या रस्त्यावर, भिंतीकडेने, काचा खाली करून हळू चालवलं की चीं-चीं मोजता येते. फेरीला एक असा ठोका पडत असेल तर घासणारी जागा चाकाबरोबर फिरते आहे हे ठरलं. मग संशयितांची यादी चार-पाच नावांवर येते: किंचित वाकडी झालेली डिस्क, तिच्यामागचा चेपलेला धूळपत्रा, त्या दोहोंत अडकलेला खडा, पॅड, आणि सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे लोखंडी रिमवरची प्लॅस्टिकची व्हील कॅप. कॅपच्या क्लिपा झिजल्या की ती दर फेरीला रिमवर सूतभर सरकते आणि अगदी ब्रेकसारखी चिवचिवते. चारही कॅप काढून किलोमीटरभर फिरून यावं. याहून स्वस्त तपासणी नाही, आणि ती वगळूनच पॅडचा सेट मागवला जातो याचं मला नवल वाटतं. ठोके चाकाशी जुळतच नसतील तर गोष्ट वेगळी. गाडी उभी असतानाही एक्सलरेटरबरोबर चिरचिर वाढली तर इंजिनचा बेल्ट बघावा, आणि फक्त स्पीडब्रेकरवर कुरकुर आली तर बुश. चाकाला हात लावायचं कारण नाही.

यापुढची चाचणी ब्रेकची. आवाज चालू असताना पेडल नुसतं टेकवावं, गाडी थांबवू नये. तेवढ्याने आवाज थांबला किंवा बदलला तर दोष बहुधा ब्रेकमध्येच, कारण त्या हलक्या दाबाने दुसरं काहीच जागचं हललेलं नसतं. मागच्या चाकांसाठी हेच काम हँडब्रेक करतो. ताशी 10 च्या वेगाला, मागेपुढे कोणी नसताना, एक-एक दात ओढत न्यायचा आणि ड्रममधल्या लायनरचा आवाज बदलतो का ते ऐकायचं. पुष्कळशा पॅडांच्या पाठीला पोलादाची एक पातळ वाकवलेली पट्टी असते. मसाला झिजून 2-3 मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि बारीक, टोकदार किंचाळी सुरू होते. ही तक्रार नव्हे, ही मुद्दाम केलेली सोय आहे. पण पुष्कळदा पॅड जाड असतो आणि तरी कुईकुई चालू असते. तेव्हा कॅलिपरच्या सरकत्या पिना हातात घेऊन बघाव्यात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, आणि बाहेरच्या पॅडला डिस्कवर आणायचं तर अख्खा कॅलिपर या पिनांवर सरकावा लागतो. पिनेचं रबर फाटलं, आत पाणी गेलं, ग्रीस वाळून तपकिरी खपली झाली की कॅलिपर अडकतो. आतला पॅड एकटाच काम करतो, पेडल सोडल्यावरही डिस्कला चिकटून राहतो, वाजतो आणि पाचरीसारखा तिरका झिजतो. अलॉयच्या आऱ्यांतून डोकावून ‘पॅड चांगले आहेत’ म्हणणाऱ्याला दिसतो तो बाहेरचा, कमी झिजलेला पॅड.

यावर एक व्यवहारी आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. ट्रायल मारण्यात अर्धा तास जातो, त्यापेक्षा पॅडच बदलून टाकावेत. ब्रेकचा मामला, नवे पॅड घातल्याने कोणाचं वाईट झालंय? वाईट होतं ते पुराव्याचं. पॅड काढताना पिस्टन मागे ढकलला जातो, पिना हलतात, डिस्कवर पॉलिशपेपर फिरतो. एवढ्या उठाठेवीने अडकलेली पिन काही दिवस सुटते आणि श्रेय मिळतं पॅडला. कुरकुर परतली की म्हणायचं, पॅड डुप्लिकेट निघाले. दुसरा आक्षेप असा, की आता स्कॅनर आहे, कान कशाला? स्कॅनरला सेन्सर सांगेल तेवढंच कळतं. एबीएसचा सेन्सर चाकाची गती मोजतो, कुरकुर नव्हे. आणि महागड्या गाड्यांत पॅडला लावलेली वायर तो झिजला एवढंच कळवते. इलेक्ट्रिक गाड्यांनी तर कानाचं काम वाढवलं आहे. इंजिनाचा गोंगाट नसल्याने बारीक चिवचिवही ऐकू येते, आणि वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करत असल्याने डिस्कवरचा गंज लवकर पुसला जात नाही.

गंजावरून आठवलं. डिस्क ओतीव लोखंडाची असते. कोकणात किंवा गोव्यात जुलैच्या रात्री गाडी उघड्यावर उभी राहिली की सकाळी तिच्यावर नारिंगी साय धरलेली असते. पहिल्या चार-सहा ब्रेकला खरखर येणारच, आणि ती गेली की विषय संपला. सकाळी येतो नि गल्लीच्या टोकाला जातो, एवढं गिऱ्हाइकाने सांगितलं तर गाडी जॅकवर चढवण्याची गरज नाही. घाट उतरल्यानंतरच सुरू होणारा आवाज याच्या अगदी उलट. तो गरम झालेल्या ब्रेकचा, आणि थंड गाडीवर गॅरेजमध्ये कितीही चाक फिरवलं तरी तो सापडायचा नाही.

कान जिथे खरोखर कमी पडतो अशी एक जागा मला मान्य आहे, ती म्हणजे बेअरिंग. ते सुरुवातीला कुरकुरत नाही, घुमतं, आणि ती घरघर टायरच्या आवाजात मिसळते. वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून डावीकडे वळताना घरघर वाढली तर उजवं बेअरिंग हा ठोकताळा बहुधा लागू पडतो, नेहमीच नाही. तिथे हातावर भिस्त ठेवावी. गाडी स्टँडवर घ्यायची, एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच बाजूच्या स्प्रिंगवर ठेवायची. खराब बेअरिंगची रवाळ थरथर बोटांना लागते. मग वरखाली धरून चाक हलवलं आणि खटका बसला तर शंकेला फारशी जागा राहत नाही.

राहता राहिला ट्रायलच्या मजुरीचा प्रश्न. ‘ऐकण्याचे पैसे’ कोणी देत नाही, म्हणून ते पॅडच्या किमतीत लपवले जातात. त्यापेक्षा बिलावर ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ टाकावी आणि रक्कम आधी सांगावी. ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्याची घरड ऐकू येत असेल तर मात्र ट्रायल नाही, तपासणीची ओळही नाही. मसाला संपून पॅडची पाठ डिस्कला लागलेली असते. ती गाडी गॅरेजपर्यंत चालवत आणायला सांगू नये. आपणच जिथे असेल तिथे जावं, नाहीतर टो करून आणावी.