शनिवारची सही

बंदिवानांची भेट घेणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक आहे, हे आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले असते. शाळेतून निवृत्त झाल्यावर धर्मग्रामातील तिघांसमवेत मी एका निरीक्षणगृहात दर शनिवारी गणित शिकवू लागलो, तेव्हा मला त्या पाठांतराचा थोडा अभिमानच वाटत होता. त्या गृहाचे नाव येथे देत नाही. तेथील मुलांची ओळख उघड करण्यास तर कायद्यानेच मनाई आहे. लोक अजून त्याला 'रिमांड होम' म्हणतात. सरकारी कागदांत तेथील मुलगा 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतो. माझ्या वर्गातील निम्म्या बालकांना हा शब्द वाचता आला नसता.

मुंबईत डोंगरीच्या ज्या तुरुंगात टिळक व आगरकर १८८२ साली १०१ दिवस होते, तेथेच पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले. तरीही देशभर मुले मोठ्यांच्या तुरुंगांत राहतच होती. शीला बारसे या पत्रकार महिलेने त्यांच्यासाठी दाद मागितली, तेव्हा मुलांना तुरुंगात ठेवू नका, असे १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला. २००० व २०१५ साली तो नव्याने लिहिला गेला. आताच्या कायद्यानुसार तपासणी समितीने अशा प्रत्येक गृहाला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. सदस्य तिघांपेक्षा कमी नकोत, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी हवा, आणि अहवाल आठवड्याच्या आत द्यायचा.

तरतूद चांगली आहे. समिती खाटा मोजू शकते, संडासाची कडी लागते का ते पाहू शकते, आमटी चाखू शकते. शिक्षण मात्र तिला बहुधा वहीतच भेटते. त्यातच चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपवायची, असा नियम. मुले येतात नि जातात. अपूर्णांक सुरू करावेत तोवर मागचा बाक रिकामा झालेला असतो.

एका जुलैत पाऊस लागून राहिला. एका शनिवारी लोकल बंद, दुसऱ्या शनिवारी घरी पाहुणे. तिसऱ्या शनिवारी खरे कारण काहीच नव्हते. चौथ्या शनिवारी गेलो तेव्हा शिपायाने हजेरीची वही पुढे केली. "सर, सोमवारी तपासणी आहे. मागचे रकाने भरून टाका." मी चार सह्या केल्या.

सोमवारी मलाही हजर राहण्यास सांगितले होते. समितीतील डॉक्टरबाईंनी वही चाळली आणि मोबाईल चोरल्याच्या आरोपावरून आलेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाला विचारले, "या महिन्यात सरांनी काय शिकवलं?" त्याने माझ्याकडे पाहिले. "लसावि," तो म्हणाला आणि फळ्यावर जाऊन बारा व अठराचा लसावि छत्तीस काढून दाखवला. शेरेबुकात शेरा पडला : शिक्षण नियमित.

मी तो धडा घेतलाच नव्हता. बाहेर आल्यावर त्याला विचारले. "बाजूच्या पोरानं शिकवला, सर. तो परवा सुटला." माझ्यासाठी तो खोटे बोलला होता, याबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही.

२०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील कासाल देल मार्मो या बालकारागृहात बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. ते छायाचित्र जगभर गेले. २०२३ च्या पवित्र गुरुवारी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, नुकतेच रुग्णालयातून आलेले असताना, ते पुन्हा तेथेच गेले. मला ती दुसरी भेट अधिक आठवते.

पुढच्या शनिवारी मी लवकरची गाडी धरली. त्या मुलाला मंडळाने आईच्या ताब्यात दिले होते. मी वहीतील तीन सह्यांवर काट मारली आणि अधीक्षकांना कारण लिहून दिले. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर," ते म्हणाले, "आता पुढची तपासणी ऑक्टोबरात."