केडगावची ‘मुक्ती’

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसा आणि साठेक किलोमीटरवर केडगावला उतरा. नगरजवळचं केडगाव वेगळं, तेव्हा नावावरून गोंधळू नका. याच गावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. ते आजही स्त्रिया आणि मुलांचं घर आहे, म्हणून आधी परवानगी विचारूनच आत जा.

‘मुक्ती’ म्हणजे हालअपेष्टांतून सुटका, असं तुम्हाला वाटेल. ते खरंच आहे. १८९६-९७च्या दुष्काळातून रमाबाईंनी शेकडो मुली आणि विधवांना वाचवून इथे आणलं. पण या नावाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो रमाबाईंच्या स्वतःच्या शोधातून आला आहे.

त्यांचं बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करण्यात आणि पुराणं सांगण्यात गेलं. पुढे दुष्काळात आईवडील गेले. १८८३मध्ये रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी मनाला स्वस्थता नव्हती. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्यांनीच नंतर लिहिलं. तारण कमवायचं नसतं, देवाच्या कृपेनं मिळालेलं ते दान विश्वासानं घ्यायचं असतं, हे उमगायला त्यांना जवळपास आठ वर्षं लागली. केवढ्या विदुषी होत्या त्या! पण इथे विद्वत्ताही कामाची नव्हती.

आता त्या दुष्काळातल्या मुली डोळ्यांसमोर आणा. उपाशी, आजारी, हात रिकामे. ‘आधी लायकी दाखव, मग जेवायला वाढते,’ असं त्यांना कुणी म्हणालं असतं का? कृपा म्हणजे काय, ते या दारात सहज कळतं.

मग चांगल्या कामांना अर्थच नाही का? इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल दोन्ही गोष्टी सांगतो: तारण कर्मांमुळे नाही, पण ते मिळालेल्या माणसानं सत्कर्मं करावीत. रमाबाईंनी तेच केलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते इथल्याच छापखान्यात छापलं गेलं, खिळे जुळवले इथल्याच बायकांनी. १९२२मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४मध्ये बाहेर आला. हे सारे कष्ट तारणाची किंमत म्हणून नव्हते. जे आधीच मिळालं होतं, त्याबद्दलची ती कृतज्ञता होती.

परतीच्या गाडीत तुम्हीही आठवून पाहा, आपल्याला कुणी कधी लायकी न विचारता काय काय दिलं!