काळ्याला काळं, पांढऱ्याला पांढरं

छंद म्हणून कॅमेरा हाती धरणाऱ्याला छत्रपती संभाजीनगरसारखं शहर लाभणं, हे भाग्यच. इथे शुभ्र बीबी का मकबरा आणि तीसेक किलोमीटरवर वेरूळचं काळंभोर कैलास लेणं. कॅमेऱ्याला मात्र या दोन्हींतलं काही ठाऊक नसतं. त्याचा प्रकाशमापक समोरच्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती मधल्या राखाडी छटेवर आणून बसवतो. त्याच्या मर्जीवर सोडलं, तर कैलासाचा बेसॉल्ट धुरकट दिसतो आणि मकबऱ्याचा संगमरवर मळका. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली खोदत घडवलेलं मंदिर आणि सतराव्या शतकात आझमशाहानं आईसाठी उभारलेली वास्तू, दोघांना एकच रंग! म्हणून वेरूळला मी एक्स्पोजर थोडं उतरवतो, मकबऱ्यापाशी थोडं चढवतो. ज्याचा रंग त्याला परत द्यायचा.

फोकसचंही तसंच. मकबऱ्यात आझमशाहाच्या आईची, दिलरस बानू बेगमची, कबर खालच्या पातळीवर, नक्षीदार संगमरवरी जाळीच्या अष्टकोनात आहे. लोक वरून वाकून पाहतात, नाणी-नोटा टाकतात. तिथे तिरक्या कोनातून कॅमेरा रोखला की ऑटोफोकस जाळीलाच चिकटतो. उजेड-सावलीची कड जिथे ठसठशीत, तिथे तो थांबणार. जाळी त्याला आयतीच सापडते. मग मी लेन्स मॅन्युअलवर टाकतो, पडद्यावर तेवढाच भाग मोठा करतो आणि रिंग सावकाश फिरवतो. आधी जाळीच्या कडा विरघळतात, फुलांची नक्षी नुसतं पांढुरकं धुकं होते. त्यामागून चादरीची सुरकुती वर येते, सुरकुतीत अडकलेलं नाणं दिसतं आणि शेवटी त्या नाण्याची चकचकीत कड लखकन उमटते. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर जाळी जवळजवळ नाहीशीच होते. पण मग कबर उघड्यावर असल्यासारखी भासते. ती जाळीआड आहे, हे चित्रात उरायला हवं. म्हणून ॲपर्चर थोडं आवळतो, जाळीची चाहूल राहील इतपत. काय स्पष्ट हवं आणि काय किती धूसर, हे जागेला विचारूनच ठरवावं लागतं.

अजिंठ्याला तर उजेडाचीच वानवा. चित्रं जपायची म्हणून फ्लॅशला बंदी. पहिल्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीवर एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं आणि मग समोरून प्रकाश टाकून गाइड चेहऱ्यावरचे बदलते भाव दाखवतात. तिथे अंधूक दगडावर ऑटोफोकसला कड मिळत नाही. लेन्स पुढे-मागे चाचपडत राहते. उजेड जिथे ओठांच्या कडेवर ठरतो, ती रेघ धरून हातानं फोकस साधायचा, आयएसओ वाढवायचा आणि चित्रात येणारी खरखर मान्य करायची. तिथे मला मेजर रॉबर्ट गिल हमखास आठवतो. 1844 च्या सुमारास तो अजिंठ्यात आला आणि त्यानं भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती रंगवल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मधल्या काळात त्यानं कॅमेराही हाती घेतला होता. त्याची छायाचित्रं 1864 मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकात छापली गेली. त्या काळातल्या सामग्रीवर त्यानं हे सारं केलं, म्हणून त्याच्याविषयी मनात निखळ आदर आहे.

घरी येऊन संगणकापुढे बसलं की अजिंठ्याचीच दुसरी हकिकत मला आवरते. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारनं चित्रांच्या जतनासाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावलं. निखळणारा गिलावा त्यांनी सावरला, हे त्यांचं मोठं काम. पण वर दिलेला लाखेच्या वार्निशचा थर पुढे पिवळा पडला, मूळ रंग झाकोळले आणि तो थर उतरवणं पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांसाठी जिकिरीचं होऊन बसलं. एडिटिंगच्या पट्ट्या सरकवताना हे माझ्या डोळ्यांपुढे असतं. खरखर घालवणारी पट्टी जरा पुढे गेली की वेरूळच्या भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा गुळगुळीत होतात. पांढरा जरा जास्त ओढला की मकबऱ्यावर अनर्थ! तिथे खाली संगमरवर आहे, मधल्या भागात बेसॉल्टवर गिलावा आहे आणि वर घुमट पुन्हा संगमरवरी. दगडाचा पांढरा आणि चुन्याचा पांढरा निराळे आहेत. चुना काळवंडतो, संगमरवर तितका नाही. हा भेद म्हणजेच त्या इमारतीची कहाणी. हिस्टोग्राम उजव्या टोकाला आदळला की ती कहाणी पुसली जाते.

म्हणून मी धुकटपणा काढतो, वाकडी क्षितिजरेषा सरळ करतो, सावलीत दडलेलं थोडं वर आणतो आणि तिथेच हात आखडता घेतो. आकाशाला नसलेला निळा रंग देत नाही, भिंतीवरचे डाग झाकत नाही. रॉ फाइल जशीच्या तशी वेगळी जपून ठेवतो. हौशी माणसाचा फोटोसुद्धा कधीतरी कुणाला पुरावा म्हणून लागू शकतो: ही भेग तेव्हा इथवरच होती, हा रंग तेव्हा एवढा उरला होता. या शहराच्या दगडांनी आपल्यासाठी शतकं जपली. त्यांची साक्ष चोख राहील असं काम आपल्या हातून व्हावं, एवढी कृतज्ञता तर आपण दाखवायलाच हवी.