पंखा लावून स्वयंपाक

पुणे, १२ एप्रिल

ती. ताईस,


परवा फोनवर तू दुधाची गोष्ट इतक्या सहज सांगितलीस, की मीही "बरं झालं, थोडक्यात निभावलं" एवढंच म्हणून फोन ठेवला. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना. दूध उतू गेलं, जाळ विझला आणि गॅस तसाच चालू राहिला. तू देवघरात पोथी वाचत बसलेली. शेजारची मुलगी विरजण मागायला आली आणि दारातूनच ओरडली, "आजी, गॅसचा वास येतोय!" तुला तो आलाच नव्हता.

ताई, हे 'आलाच नव्हता' मला फार खुपतंय. टाकीतल्या गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम घालतात. घरच्या शेगडीची सगळी राखण त्या वासावर, म्हणजे आपल्या नाकावर सोपवलेली आहे. आणि २०२१च्या तापानंतर तुझं नाक पूर्वीसारखं झालंच नाही. हिंग उतरलाय की चांगला आहे, हेसुद्धा तू मला डबी पुढे करून विचारतेस. त्यातून हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत साचतो. आपल्या सोलापूरच्या वाड्यातलं स्वयंपाकघर माजघरापेक्षा एक पायरी खाली. आणि पायरीच्या अलीकडे देवापुढे समई लावलेली. पुढचं मी लिहीत नाही, तुला कळतंय.

म्हणून हे पत्र. फोनवर तू विषय बदलतेस. पत्र तरी पुरं वाचशील.

माझं म्हणणं असं की चहा, दूध आणि कुकर एवढं तू इंडक्शनच्या शेगडीवर न्यावंस. भाकरी मी मागत नाही, भाकरीला तुझा गॅस राहू दे. मी बराच विचार केला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. भाकरी करताना तू कधीच शेगडी सोडून जात नाहीस. पीठ मळणं, थापणं, वरून पाणी फिरवणं, उलटणं, जाळावर फुगवणं यात हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले असतात. धोका आहे तो जे चढवून आपण दुसऱ्या कामाला लागतो त्याचा. दूध, चहाचं आधण, डाळ. तेवढ्यावर जाळ नको, एवढीच माझी विनंती.

तू म्हणशील, "जाळाशिवाय का कुठं अन्न शिजतं?" ताई, हेच वाक्य आपण आईच्या तोंडून ऐकलंय. १९७८ साली नंबर लावून, चार वर्षं वाट पाहून गॅस घरात आला, तेव्हा आईने त्याला सहा महिने हात लावला नाही. गॅसवरचं खाल्लं की पोटात गॅस धरतो, असं तेव्हा गल्लीतल्या सगळ्याच बायका म्हणायच्या. मुंबईच्या आत्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून बर्शेनची टाकी होती, तिने पत्रातून समजावलं तरी आई ऐकेना. मग कधीतरी पहाटेचा चहा गॅसवर झाला. पुढे वरण गेलं, मग पोळ्या. चुलीवर शेवटपर्यंत राहिली ती भाकरी आणि अंघोळीचं पाणी. आईचा खोकला कधी कमी झाला हे आपल्या लक्षातही आलं नाही, कारण चूल एका दिवसात विझली नाही. एकेक पदार्थ इकडून तिकडे गेला. तसंच कर.

मी बदल करून आता सव्वा वर्ष झालं. माझी पहिली चूक आधी सांगते. शेगडी आणली त्या दिवशी मी ती मिक्सरच्या प्लगला एक्स्टेन्शन लावून सुरू केली. दहा मिनिटांत प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला आणि पिनेच्या भोवतालचा भाग मऊ पडला. दोन हजार वॅटची शेगडी पूर्ण जोरावर आठ-नऊ अँपिअर ओढते, मिक्सरचं सॉकेट असतं पाच-सहा अँपिअरचं. दोष माझा होता. तुझ्या वाड्यात तर अजून लाकडी पट्टीतल्या जुन्या वायरी आहेत. तेव्हा मीटरपासून वेगळी जाड वायर, सोळा अँपिअरचा पॉइंट, त्याला स्वतंत्र एमसीबी आणि ईएलसीबी, आणि अर्थिंग नीट तपासलेलं, एवढं झाल्याशिवाय शेगडी खोक्यातून काढायचीसुद्धा नाही. "शॉक बसेल" ही तुझी भीती मी हसण्यावारी नेत नाही. तिच्यावरचा उपाय हाच आहे.

शेगडी चालते कशी, हे नातवाने मला विचारलं तेव्हा मीही पुस्तक उघडून पाहिलं. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारी वीज फिरते, आणि त्यामुळे वर ठेवलेल्या लोखंडी बुडात आपोआप वीज खेळू लागते. बूड स्वतःच तापतं. मायकेल फॅरेडेने १८३१ साली हे तत्त्व दाखवलं. नातवाला पटावं म्हणून मी काच आणि पातेलं यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवला आणि पाणी उकळवलं. पातेलं उचललं तर कागद गरम होता, थोडा आकसला होता, पण करपला नव्हता. त्यावरची अक्षरं वाचता येत होती. पातेलं उचललं की शेगडी थोड्या वेळात आपली आपण बंद होते. पदर पेटायला तिथे जाळच नाही.

मला स्वतःला सगळ्यात मोठं वाटलं ते मात्र वेगळंच. पहिल्या दिवशी पोळ्यांना बसताना मी सवयीने पंखा बंद केला. निम्म्या पोळ्या झाल्या, घाम मानेवरून ओघळायला लागला, आणि मग हात थांबला. पंखा का बंद आहे? जाळ हलतो, पोळी एका बाजूने कच्ची राहते, म्हणून आपण जन्मभर पंखा बंद करून स्वयंपाक केला. आईने केला, आजीने केला. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४२-४३च्या पुढे असताना, बाकीचं घर पंख्याखाली बसायचं आणि घरातली एक बाई त्या खोलीत दोन-अडीच तास उभी राहायची, हे आपल्याला कधी वावगं वाटलं नाही. मी उठले आणि पंखा लावला. ताई, मला तिथे रडू आलं. आई आठवली.

आता खाण्याचं. घडीच्या पोळीला जाळ कधी लागतच नव्हता, ती तव्यावरचीच. फुलके मी फडक्याने दाबून तव्यावर फुगवते, फुगतात. वरण-भात नेहमीसारखाच. कुकरला पहिली शिट्टी फार लवकर येते, ती आली की वॅट कमी करायचे. वांगं भाजायचं असेल तर मात्र गॅसच. तेल लावून तव्यावर भाजून पाहिलं, पण तो धुराचा वास येत नाही आणि त्याशिवाय भरीत मला तरी घशाखाली उतरत नाही. पापडही तसाच. फोडणीची पळी चालत नाही, तिचं बूड इतकं लहान की शेगडीला पळी ठेवलेली कळतच नाही. मी लहानशी सपाट कढई घेतली. गोल बुडाच्या कढया गेल्या, तांब्या-पितळेची पातेली गेली, ॲल्युमिनियम गेलं. कमी वॅटवर माझी शेगडी सलग तापत नाही, थोडा वेळ तापते, थोडा वेळ थांबते. बासुंदी आटवताना ते जाणवतं, दूध उसळतं आणि बसतं. जाड बुडाचं भांडं घेतलं की तेही निभतं.

तुझ्या दुधाचा हिशेब मी तीन दिवस करून पाहिला. फ्रिजमधलं अर्धा लिटर दूध, सहाशे वॅट, सहा मिनिटं. टायमर लावायचा आणि पोथीकडे जायचं. वेळ भरली की शेगडी बंद होते, शिट्टीसारखा आवाज येतो. मिनिट इकडेतिकडे झालं तर दूध उतू जाईलही, तसं होणारच नाही असं सांगणार नाही. पण ते काचेवर सांडेल, फडक्याने पुसायचं. विझायला काही नाही आणि गळायलाही काही नाही.

बिलाचं तू विचारलंस. आपल्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. त्यातली उष्णता विजेत मोजली तर सुमारे १८० युनिट, पण गॅसवर बरीचशी भांड्याच्या कडेने खोलीत जाते. इंडक्शनवर वाया कमी जातं. म्हणून एका टाकीचं काम साधारण १३० ते १४० युनिटांत होतं. तुझी टाकी चार महिने पुरते. सगळा स्वयंपाक विजेवर नेलास तरी महिन्याला पस्तीसेक युनिट वाढतील. चहा-दूध-कुकर एवढंच नेलं तर पंचवीसच्या आसपास. तुझं बिल साठ-पासष्ट युनिटांचं येतं, तेव्हा शंभरच्या आत राहशील. हा शंभरचा आकडा सांभाळायचा, कारण महावितरणचा पुढच्या टप्प्याचा दर जवळपास दुप्पट आहे. मे महिन्यात कूलर लागला की ओलांडशील, पण जास्त दर फक्त शंभरच्या वरच्या युनिटांना लागतो, सगळ्यांना नाही. रुपयांत फार वाचेल असं मी म्हणणार नाही. एकट्या माणसाच्या घरात हा फरक आनंदाने सोसावा, इतकाच आहे.

आणि पर्यावरणासाठी कर, असंही म्हणणार नाही. तुझ्या गावाजवळच एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. आपल्या विजेचा मोठा भाग अजून कोळशातूनच येतो, आणि जळलेल्या कोळशातली साधारण तिसरा हिस्सा उष्णता विजेत उतरते. तेव्हा जाळ नाहीसा होत नाही, स्वयंपाकघरातून उठून तिकडे जातो. उलट बाजूने पाहिलं तर आपण जाळतो त्यातला निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून, मुख्यतः आखाती देशांतून जहाजाने येतो, आणि सोलापूरचं ऊन सोलापुरातच असतं. छपरावरच्या सौर पॅनेलला केंद्राच्या २०२४च्या योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. गच्चीची डागडुजी करशील तेव्हा त्याचा विचार करू, आता नको.

खोलीतल्या हवेचा फरक मात्र आहे. निळा, स्वच्छ दिसणारा जाळसुद्धा हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जोडून नायट्रोजन डायऑक्साइड तयार करतो. तो दिसत नाही, डोळ्यांत चुरचुरत नाही, पण श्वासनळीला बाधतो. तुझं स्वयंपाकघर ठेंगणं, खिडकी एक, आणि हिवाळ्यात तीही बंद. फोडणीचा ठसका आणि तव्याचा धूर राहीलच, तेवढ्यासाठी खिडकी उघडीच ठेवायची.

दिवे गेले तर? गॅस आहेच की. टाकी परत करायची नाही, रेग्युलेटर मात्र भाकरी झाल्यावर बंद म्हणजे बंद. लोडशेडिंगची ती वर्षं आपण दोघी विसरलेलो नाही.

तर ठरलं असं समजते. शेगडी मी घेतली आहे. मुद्दाम उठावदार बटणांची घेतली, नुसत्या काचेवर बोट फिरवायची नाही, तुझी बोटं कोरडी पडलेली असतात आणि डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. तुला लागणारी बटणं तीनच. चालूवर लाल टिकली लावली आहे, बंदवर काळी आणि टायमरवर हिरवी. बंद केल्यावर आतला पंखा थोडा वेळ घरघरतो, तो थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. वायरमन शनिवारी सकाळी दहाला येईल, मी शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघते. चार दिवस राहीन. दूध रोज तूच तापव, मी नुसती बसून राहीन.

तोवर फ्रिजवरचं चुंबक घेऊन सगळी भांडी तपासून ठेव. बुडाला घट्ट चिकटलं ते चालेल, घसरलं ते नाही. स्टीलच्या भांड्यांवर भरवसा ठेवू नकोस, त्यांतली बरीच फसवतात. आणि आईचा बिडाचा तवा, पोळ्यांचा, सपाट बुडाचा, चुलीवर आणि मग गॅसवर चाळीस वर्षं तापलेला, तो अजून माळ्यावर आहे ना? त्याला नक्की चिकटेल. तो मी आल्यावर काढीन. तू स्टुलावर चढू नकोस.

तुझी,
बेबी